गलमिशा आणि धूळ

हसुरामदादा, तुमच्या दहाव्याला लोक हसत होते.

सुरुवातीला नाही. सुरुवातीला उरणच्या खाडीकाठी सगळे मान खाली घालूनच उभे होते. पण पिंड ठेवून भटजी मागे सरकायच्या आत कावळा आला. कुणाला हात जोडायला वेळ मिळाला नाही, 'तुमची अमकी इच्छा पुरी करतो' असं म्हणायलाही नाही. तुमचा धाकटा भाऊ परशुराम म्हणाला, "बगा! जेवनाला कदी उशीर केला का ह्यानं?"

आधी यमुनावहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. तुमची बायकोच हसली म्हटल्यावर बाकीच्यांना जणू परवानगी मिळाली. मग परशुरामनं फुप्फुसाच्या तपासणीचा तो किस्सा सांगितला. ज्यांना माहीत नव्हता ते माझ्याकडे वळून विचारायला लागले, "खरंच काय हो मॅडम?" मी म्हटलं, "अगदी खरं. मी समोर होते." आणि हसता हसता मला जे रडू फुटलं, ते घरी जुईनगरला पोचेपर्यंत थांबलं नाही. रिक्षावाल्यानं दोनदा आरशातून बघितलं. शेवटी म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. होईल सगळं नीट."

मी त्याला सांगणार तरी काय होते, की एका फोरमनसाठी रडतेय? ना नात्याचा, ना गावाचा. जो मला पहिल्या दिवशी 'नवीन मास्तरीण आयली' म्हणाला होता, त्याच्यासाठी?

हजेरीच्या वहीत तुमचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कारकुनानं थट्टा केलीय. आमच्या साताऱ्याकडे हसुराम नावाचं कुणी मी ऐकलं नव्हतं. मग तुम्ही आलात. सहा फुटांचे, खांद्यावर गमछा, आणि कानापासून ओठापर्यंत पसरलेल्या त्या गलमिशा. झुपकेदार, तेल लावलेल्या, दोन्ही बाजूंना वर वळवलेल्या. बोगद्याच्या आत, जिथे खडकाला भोकं पाडतात, त्या टोळीचे तुम्ही मुख्य. तीस-पस्तीस माणसं तुमच्या हाताखाली, झारखंडची, ओडिशाची, थोडी आपल्याकडची. आणि मी महाप्याच्या एका कंपनीतली बसून करायची नोकरी सोडून आलेली सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट अजून डोक्यावर नीट बसत नव्हतं.

त्या दिवशी मी मास्कची चाचणी घेत होते. मास्क लावायचा, वरून एक पारदर्शक टोपडं घालायचं आणि त्यात कडू औषधाचा फवारा सोडायचा. तोंडात कडू लागलं तर मास्क कुठेतरी उघडा राहतोय, हवा आत येतेय. हवा येते तिथून धूळही येते. मी मोठ्या उत्साहानं समजावत होते, की खडक फोडताना दिसते ती धूळ खरी वाईट नाही, ती नाकात अडकते, खोकल्यानं पडते. जी दिसतच नाही ती थेट फुप्फुसात जाऊन बसते आणि पुन्हा बाहेर येत नाही. त्यावर औषध नाही. म्हणून दाढी नको, गलमिशा नकोत, कातडी आणि मास्क यांच्यात केसभरही फट नको.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग मिशीवर बोट फिरवून म्हणालात, "मॅडम, ह्या मिश्या नायत. फिलटर हाय हा. घरी जाऊन झटकल्या की पाटीभर माती निघते. इचारा आमच्या बायकोला."

माणसं खो-खो हसली. चाचणीला एक जण बसला नाही. तुमच्यामागून सगळे उठून गेले आणि मी ते टोपडं हातात धरून उभी राहिले.

चार महिने आपण फक्त भांडलो, दादा. ड्रिलला पाणी जोडल्याशिवाय भोक पाडायचं नाही, कारण पाण्यानं धूळ जागच्या जागी बसते, हे मी सांगायचं. पाण्यानं काम हळू होतं, पायाखाली चिखल होतो, हे तुम्ही सांगायचं. कानात बोळे घाला म्हटलं की तुम्ही हात कानाला लावून 'काय? काय?' करायचात. मी रागानं लाल व्हायचे आणि मग कळायचं, की तुम्हाला डाव्या कानानं खरंच ऐकू येत नाही. कित्येक वर्षांच्या ड्रिलनं तो केव्हाच नेला होता. तुम्ही त्याचीही नक्कल करून दाखवायचात. स्वतःच्या बहिऱ्या कानाची नक्कल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग तो स्फोटाचा दिवस आला. त्या दिवसापासून तुम्ही माझे दादा झालात.

सकाळी अकराच्या सुमारास आत सुरुंग उडवले. स्फोटानंतर आत विषारी धूर साचतो. तो जाईपर्यंत, मीटर लावून हवा तपासेपर्यंत, कुणी आत जायचं नसतं. ताजी हवा नेणारी ती जाड कापडी नळी असते ना छताला, अजगरासारखी, ती त्या दिवशी दगड लागून मध्येच फाटली. बाहेर पंखा गरगरत होता, पण हवा शेवटपर्यंत पोचत नव्हती. आपण दोघं मीटर घेऊन थोडं आत गेलो आणि मीटर किंचाळायला लागला. लगेच मागे फिरलो.

बाहेर शिफ्टचे इंजिनिअर घड्याळ बघत होते. म्हणाले, "पंखा चालू आहे ना? वीस मिनिटं झाली. सोडा माणसं. दगड भरायच्या गाड्या खोळंबल्यात."

मी 'नाही' म्हणाले. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं रिपोर्टमध्ये लिहा." मी परत 'नाही' म्हणाले, पण माझा आवाज चिरकला. आणि माणसं उठायला लागली होती. रोजचीच सवय, साहेब म्हणतात तर जायचं.

तेव्हा तुम्ही काय केलंत? भांडला नाहीत. आवाज चढवला नाहीत. एक रिकामं पिंप गडगडत आणलंत, बोगद्याच्या तोंडाशी मधोमध उलटं ठेवलंत आणि वर बसलात. गमछ्यानं वारा घेतलात. मग तुमच्या त्या अगाध हिंदीत सुरू केलंत, "सुनो रे. मेरे शादी का गोष्ट बताया क्या कभी?"

"नहीं दादा," कुणीतरी म्हणालं.

"तो बैठो."

सगळे बसले. तुमच्या पिंपाला वळसा घालून कोण जाणार होतं? आणि तुम्ही सांगायला लागलात. वऱ्हाड होडीतून निघालं. नवरदेव बाशिंग बांधून पुढे, वाजंत्री मागे. मुलीचं गाव खाडीच्या पलीकडे. आणि ऐन मध्यावर ओहोटी लागली. "फिर पानी चला गया. नाव बैठ गया. हम भी बैठ गया." चिखलात रुतलेल्या होडीत वऱ्हाड तीन तास. काठावर मुलीकडची माणसं हाका मारतायत, ताशावाला होडीत ताशा वाजवतोय, भटजींना मुहूर्ताची काळजी, आणि तुमच्या मावशीनं मुलीकडच्यांसाठी आणलेले लाडू भुकेल्या पोरांना वाटून टाकले. शेवटी वहिनींचे वडील कमरेभर चिखलातून चालत आले आणि जावयाला खांद्यावर घेऊन निघाले. मध्येच त्यांचा पाय घसरला.

इथपर्यंत आलात तेव्हा मोठे साहेब गाडीतून उतरले. कुणीतरी त्यांना फोन केला होता. चेहरा तापलेला. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. तुम्ही उठला नाहीत. माझ्याकडे बोट केलंत. मी मीटर त्यांच्यासमोर धरला आणि आकडा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन वाचला. मग इंजिनिअरना म्हणाले, "आधी नळी दुरुस्त करा." बचावपथकाची दोन माणसं पाठीला ऑक्सिजन लावून आत गेली, फाटलेलं कापड बांधलं. दोन तासांनी मीटर गप्प झाला. साहेब जाताना थांबले आणि तुम्हाला हळूच म्हणाले, "मग? लग्न लागलं का?"

"लागला ना साहेब. नवरा चिखलाचा, नवरी हलदीची. फोटोत कोन कोन ते अजून ओलखता येत नाय."

सगळे गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, की मास्कवर विश्वास नाही, पाण्यावर नाही, मग धुरावर कसा? तुम्ही पिंपावरून उठलात. खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका डोंगरात, तुमचा जोडीदार स्फोटानंतर दहा मिनिटांतच आत गेला होता, एवढंच सांगितलंत. "मी गेलो तं तो भितीला टेकून बसला व्हता. झोपल्यावानी. मी त्याला हाक मारली. दोनदा मारली." मग म्हणालात, "धूर मी बघितलाय, पोरी. धूल नाय बघितली." त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा 'पोरी' म्हणालात.

धूळ बघायला आपल्याला अजून आठ महिने लागले.

वर्षातून एकदा फुप्फुसं तपासणारी गाडी साइटवर येते. नळीत जोरात फुंकायचं, की मशीन कागदावर रेघ काढतं. त्या सकाळी मी तिथे पोचले तर तपासणारा तंत्रज्ञ कौतुकानं मान हलवत होता. "मॅडम, हा माणूस बघा! पन्नाशी उलटली आणि फुंक तिशीची! बोगद्यात राहून!" गाडीतून तुम्ही उतरलात. तोच बांधा, तशाच गलमिशा, तसाच गमछा. मला बघून तुम्ही एकदम चपापलात, नजर चुकवलीत. मी म्हणणार, "दादा, अभिनंदन," तेवढ्यात माझ्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला आणि त्यातून तुमचा आवाज आला, "मॅडम, आतमंदी उजव्या बाजूनं पानी झिरपतंय. जरा येता का?"

मी वॉकीटॉकीकडे बघितलं. समोर उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघितलं. समोरचे तुम्ही दोन्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "मी परशुराम. मना दादानं पाठवला. मी होरी चालवतो."

दादा, मी सिमेंटच्या गोण्यांवर बसून पोट धरून हसले. तंत्रज्ञ हसला. परशुराम हसला. बिचाऱ्यानं तीन आठवडे खास गलमिशा वाढवल्या होत्या. कुणीतरी आत निरोप दिला आणि सगळी टोळी हसत बाहेर आली. सगळ्यात शेवटी तुम्ही आलात, आणि तुम्ही हसत नव्हता.

तेव्हा माझं हसू थांबलं. ज्याला काही लपवायचं नसतं तो दुसऱ्याला फुंकायला पाठवत नाही, हे मला हसून झाल्यावर कळलं. याची लाज मला अजून वाटते. तुम्हाला कधी बोलले नाही, आज सांगते. मला आठवायला लागलं. डोंगराच्या पायऱ्या चढताना तुम्ही तीनदा बुटाची नाडी बांधायला थांबायचात. गमबुटांना नाडी नसते, दादा. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः फुंकलंत. रेघ उठली आणि लगेच बसली. मग वाशीला एक्स-रे. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला. दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, कुणीतरी पिठाची चाळण झटकावी तसे. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिकोसिस. तरुणपणी दगडाच्या खाणीत आणि नंतर कुठल्या कुठल्या बोगद्यांत तोंडाला फडकं बांधून कोरडं ड्रिल मारलं होतं, त्या सगळ्या वर्षांची धूळ तिथे बसलेली होती. तुम्ही फिल्म हातात घेऊन निरखलीत. "म्हंजे मी डोंगरात गेलो तसा डोंगर पन माझ्यात आयला," म्हणालात. मग डॉक्टरांना विचारलंत, "ह्याच्यात बोगदा मारता येईल का?"

ते हसले नाहीत. मी पण नाही.

आणि मग आपलं खरं भांडण झालं. मी लेखी दिलं, की हसुराम यापुढे बोगद्यात जाणार नाहीत. तुम्ही माझ्या टेबलासमोर उभे राहिलात. "जे व्हायचं ते झायलंय. दोन वर्सं अजून काम केला तं काय बिगरनार हाय? घरी बसून मी काय करू? मासं मोजू?" मी म्हटलं, आत राहिलात तर आजार जोरात वाढेल. तुम्ही म्हणालात, "तुना काय म्हाइत? तू चार पुस्तकं वाचली. मी डोंगर वाचलाय." मी म्हटलं, "डोंगर वाचलात, पण तुम्ही वाचला पाहिजेत ना!" तुम्ही दार आपटून गेलात. तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीत. गेटवरच्या कुत्र्याला 'काय रं, जेवलास?' विचारायचात आणि माझ्या अंगावरून सरळ पुढे.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी मी गेटवर आले तर बोगद्यासमोरच्या मोकळ्या जागेत खुर्ची मांडलेली, शेजारी न्हावी उभा, आणि दोन्ही पाळ्यांची माणसं गोल करून बसलेली. तुम्ही मला बघून म्हणालात, "मास्तरीण, तो टोपरा आन तुजा. कडू पानी पन."

काय चाललंय ते मला कळेना. मी टोपडं आणलं. तुम्ही मास्क लावलात, गलमिशांवरूनच. मी फवारा सोडला. एक क्षण गेला आणि तुम्ही असं तोंड वाकडं केलंत, अशी जीभ बाहेर काढलीत, की पहिल्या रांगेतला माणूस मागे कोलमडला. "थू! कारल्याचा बाप हाय हा!" मग तुम्ही उभे राहून सगळ्यांना म्हणालात, "देखा? मिशी से घुसा. मैं बोलता था फिल्टर है. झूठ बोला मैं." आणि खुर्चीत बसलात. न्हाव्याला म्हणालात, "चल. कर."

त्यानं वस्तरा खाली घेतला. "दादा, विचार करा."

"इचार तीस वर्सं केला."

पहिली बाजू गेली तेव्हा माणसं माना पुढे काढून बघत होती. दुसरी गेल्यावर तुम्ही गालांवरून हात फिरवलात आणि आरसा मागितलात. बघितलंत आणि म्हणालात, "आयला! हा तं माजा मेव्हना!" सगळा डोंगर हसला. मग परत मास्क, परत टोपडं, परत फवारा. मी सोडतच राहिले. तुम्ही बसून राहिलात, मग पाय हलवायला लागलात, मग टोपड्यातूनच गुणगुणायला लागलात. कडू लागलंच नाही.

तुम्ही आता बोगद्यात जाणारही नव्हता. तुम्हाला त्या गलमिशा उतरवून काही मिळणार नव्हतं. तरी तुम्ही उतरवल्यात. त्या दिवशी न्हावी दुपारचा जेवला नाही, एवढी मोठी रांग होती.

मोठ्या साहेबांनी तुम्हाला बाहेरच्या कंटेनरमध्ये नव्या माणसांना शिकवायचं काम दिलं. मी पुस्तकातलं सांगायचे आणि तुम्ही उरलेलं. छत ठोकून आवाज कसा ऐकायचा, कुठला दगड 'बोलतो' आणि कुठला पडणार, चक्कर आली तर लाजायचं नाही, उष्णतेत पाणी कधी प्यायचं. ड्रिलला पाणी जोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगायला लागलात. चिखल होतो अशी तक्रार कुणी केली की म्हणायचात, "चिखल मंजे काय, ते मना इचार. माजा लगीन चिखलात झायलंय."

रविवारी मी आणि आई तुमच्याकडे यायला लागलो. वहिनींच्या हातची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. आई साताऱ्याची, तिला सुकी मासळी आधी वासानंच नको व्हायची. तिसऱ्या रविवारी तिनं पाककृती लिहून घेतली. तुम्ही आईला म्हणालात, "तुमची पोरगी लय भांडखोर हाय." आई म्हणाली, "घ्या ठेवून. आम्हाला पण झेपत नाही." आणि दोघांची गट्टी जमली.

शेवटच्या वर्षात ते ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. त्याच्या घुरघुरीला तुम्ही ठेका धरायचात. पाच पावलं चालून थांबायचात, पण आता बुटाची नाडी बांधायचं सोंग नव्हतं. सरळ म्हणायचात, "थांबा. इंजिन तापलाय." एकदा परशुरामच्या होडीत बसायचं म्हणून हट्ट धरलात. आम्ही चौघांनी धरून नेलं, ऑक्सिजनचं नळकांडं वहिनींच्या मांडीवर. होडी सुटली आणि तुम्ही खाडीकडे बघत म्हणालात, "ओहोटी कवा हाय?" वहिनी म्हणाल्या, "आता तुमाला खांद्यावर घ्यायला माजा बा नाय." तुम्ही इतके हसलात, की तुमचा श्वास अडकला. आम्ही घाबरलो. तुम्ही हात हलवून सांगितलंत, की असू दे, हे चांगल्यातलं आहे.

एक वाद मात्र राहिला. तुमचं म्हणणं, तुमचा एक्स-रे कंटेनरमध्ये टांगायचा, खाली नाव लिहून. नवीन माणसाला नावाशिवाय पटत नाही. माझं म्हणणं, तुम्ही जिवंत असताना तुमचा आजार मी भिंतीवर टांगणार नाही. "मग मेल्यावर?" तुम्ही विचारलंत. मी विषय बदलला, चहा गार होतोय म्हणाले. तुम्हीही सोडून दिलंत. तुम्ही वाद अर्धा सोडणारे नव्हता, म्हणून ते मला लागलं.

मग त्या बुधवारी दुपारी परशुरामचा फोन आला. जेवून पडला होतात, वहिनी शेजारी सुकट निवडत होत्या. त्यांच्याशी बोलता बोलता तुम्ही गप्प झालात. वहिनींना वाटलं, झोपलात. मी त्या वेळी महाप्याला एका बैठकीत होते, धुळीच्या मोजमापाविषयीच. बाहेर येऊन जिन्यात बसले.

दहाव्याच्या दिवशी परशुरामनं मला तो मोठा पिवळा लिफाफा दिला. वरती तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मास्तरीण'. आता तो एक्स-रे कंटेनरमध्ये आहे, दादा. खाली नाव आहे. शेजारी तुमचा फोटोही लावलाय, गलमिशांसकट, कारण नुसत्या ठिपक्यांवरून तुम्ही कोण होतात ते कुणाला कळणार नाही. काल एक नवा माणूस खूप वेळ तिथे उभा होता. मग ड्रिलच्या पाण्याची नळी तपासायला गेला.

दुसरा वाद, तुम्हाला बोगद्यातून बाहेर काढल्याचा, त्यात माझंच बरोबर होतं. हे मी बदलणार नाही. पण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, की त्या कागदावर सही करून मी शौचालयात जाऊन उलटी केली होती. एका माणसाचं जन्माचं काम मी एका ओळीत काढून घेतलं होतं. तुम्ही त्या ओळीतून नवं काम काढलंत आणि मला कधी टोचलं नाहीत. आभार मानायचे राहिले. दर रविवारी मानायचे ठरवून यायचे आणि तुमच्याशी भांडून परत जायचे.

आता सांगायचं ते परवाचं. बोगदा गेल्या आठवड्यात आरपार झाला. दोन बाजूंनी खणत आलेली माणसं एकमेकांना भेटली. आधी भोकातून एक हात आला, मग इकडच्यांनी तो धरला आणि सोडेचनात. पाहुणे, हार, भाषणं हे सगळं पुढच्या आठवड्यात आहे. पण तुमच्या टोळीनं ठरवलं, त्याआधी एक माणूस या बोगद्यातून चालत जायला हवा. त्यांनी मोठ्या साहेबांकडे परवानगी मागितली. साहेबांनी स्वतःची गाडी उरणला पाठवली.

परवा, भोक रुंद करून वाट मोकळी झाल्यावर, वहिनी आल्या. इतकी वर्षं तुम्ही डोंगरात काम केलंत आणि त्यांनी एकदाही आतून डोंगर बघितला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, नियमाप्रमाणे, काही सूट न देता. हेल्मेट घातलं, पिवळं जाकीट घातलं. गमबूट दोन नंबर मोठे होते, त्यात मोजे कोंबले. मास्क लावला आणि कडांवरून बोट फिरवून बघितलं. लुगड्याचा ओचा वर खोचून त्या माझा हात धरून आत शिरल्या. मागून सगळी टोळी चालत आली.

बरंच आत गेल्यावर त्या थांबल्या. वर बघितलं, मागे बघितलं, पुढे बघितलं. दोन्ही भिंतींवर दिव्यांची माळ लांबवर गेली होती.

"गो पोरी," मास्कमधून त्यांचा आवाज घुमला, "रोज सकाली मी देवाला हात जोरून ह्यांना कालोखात पाठवायची. बोलायची, देवा, कालोखात हाय माजा मानूस, नजर ठेव. आनि हितं तं लग्नावानी लायटी हायत!"

मी म्हटलं, "वहिनी, आधी नव्हत्या. दर दहा पावलांवर दिवा पाहिजे म्हणून तुमचा माणूस साहेबांच्या दारात तीन दिवस बसला होता."

"सांगितला नाय कदी."

"तुम्हाला काय सांगायचे मग?"

"सांगायचं, आतमंदी वाघ हाय." त्या हसायला लागल्या. "बत्तीस वर्सं मी त्या वाघाला भ्यायली!"

मागून सगळी टोळी हसली आणि बोगदा ते हसू दोन्हीकडून परत देत राहिला. वहिनींनी डोळे पुसले, ओचा पुन्हा घट्ट खोचला, माझा हात सोडला आणि एकट्या पुढे चालायला लागल्या. पलीकडच्या तोंडाशी भरदुपार होती.